बाळंतपणातली विषमता: महाराष्ट्राचा आकडा चांगला, मग दुर्गम पाड्यावरच्या आईला धोका का?

दर पावसाळ्यात एखादा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो. बांबूला चादरीची झोळी बांधलेली, झोळीत कळा देणारी बाई, चौघांच्या खांद्यावर बांबू आणि समोर चिखल किंवा नाला. नंदुरबारकडे या झोळीला ‘बांबूलन्स’ असं नावच पडलं आहे. दोन दिवस हळहळ, मग विसर.

दुसरीकडे सरकारी आकडेवारी वेगळंच सांगते. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होतं. केरळ १९ वर होता आणि त्याच्यानंतर महाराष्ट्राचाच नंबर होता.

मग खरं काय? दोन्ही खरं आहे. ते कसं, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

• माता मृत्यूचं प्रमाण ही राज्याची सरासरी असते. तालुक्यांमधली दरी तिच्यात दिसत नाही.
• प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर हातात सुमारे दोन तास असतात. म्हणून दवाखाना किती किलोमीटरवर आहे यापेक्षा किती वेळात गाठता येतो, हे महत्त्वाचं.
• ‘प्रसूती दवाखान्यात झाली’ आणि ‘प्रसूती सुरक्षित झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण आणि वाहन हे सगळं मोफत मिळणं हा हक्क आहे.

माता मृत्यू कशाला म्हणतात?

गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू म्हणजे माता मृत्यू. गर्भपातानंतरचा मृत्यूही यात येतो. रस्ता अपघातासारखी कारणं यात धरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार माता दगावल्या. म्हणजे दररोज सातशेहून अधिक. यातले बहुतेक मृत्यू गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये झाले आणि त्यातले बरेचसे टाळता येण्यासारखे होते.

२०३० पर्यंत हे प्रमाण जगात ७० च्या खाली आणायचं, असं शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ठरलं आहे. महाराष्ट्राने राज्य म्हणून ही रेषा केव्हाच ओलांडली.

मग सरासरी नेमकं काय लपवते?

माता मृत्यूचे अधिकृत आकडे नमुना नोंदणी प्रणालीतून येतात. ही पाहणी राज्याचं प्रमाण देते, जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं देत नाही. त्यामागे गणित आहे.

समजा, एका दुर्गम तालुक्यात वर्षाला दीड हजार बाळंतपणं होतात. राज्याच्या ३३ या प्रमाणाने तिथे वर्षाला अर्धा मृत्यू अपेक्षित आहे, म्हणजे दोन वर्षांत एक. प्रत्यक्षात एका वर्षात तीन माता दगावल्या, तर प्रमाण थेट २०० वर जातं. पुढच्या वर्षी एकही दगावली नाही, तर शून्यावर येतं. इतक्या लहान संख्येवरून पक्कं प्रमाण काढता येत नाही, म्हणून ते काढलं जात नाही. आणि जे काढलं जात नाही, ते बैठकीत चर्चेलाही येत नाही.

दुसरी अडचण नोंदीची. घरी, वाटेत, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या राज्यात झालेला मृत्यू मूळ गावाच्या नोंदीत येईलच असं नाही. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दगावलेल्या बाईच्या मृत्यूचं कारण ‘ताप’ किंवा ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलं जाऊ शकतं.

महाराष्ट्राच्या लोकसंख्येत आदिवासी ९ टक्क्यांहून थोडे जास्त आहेत, पण नंदुरबार जिल्ह्यात हेच प्रमाण जवळपास ७० टक्के आहे (जनगणना २०११). राज्याच्या सरासरीत मुंबई, पुणे, नाशिकचं वजन मोठं आणि धडगाव-अक्कलकुव्याचं अगदी थोडं. आदिवासींच्या आरोग्याची वेगळी आणि पुरेशी आकडेवारीच नाही, ही बाब डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात ठळकपणे मांडली होती.

बाई कशाने दगावते आणि हातात किती वेळ असतो?

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही जगभरातली प्रमुख कारणं आहेत. त्रास सुरू झाल्यापासून, उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवेपर्यंत सरासरी किती वेळ जातो, याचे अंदाज सार्वजनिक आरोग्यात बराच काळ वापरले जातात:

• प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: सुमारे २ तास
• प्रसूतीआधीचा रक्तस्राव: सुमारे १२ तास
• गर्भाशय फाटणं: सुमारे १ दिवस
• झटके: सुमारे २ दिवस
• अडलेली प्रसूती: सुमारे ३ दिवस
• जंतुसंसर्ग: सुमारे ६ दिवस

ही यादी नीट पाहिली की दुर्गम भागातला प्रश्न उलगडतो. अडलेल्या बाळंतिणीला लांबच्या रुग्णालयात न्यायला निदान थोडी सवड असते. रक्तस्रावात ती नसते. ज्या गावातून सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय चार तासांवर आहे, तिथे उपचाराची सुरुवात गावात किंवा जवळच्या केंद्रातच व्हायला हवी.

त्यात अंगात रक्तच कमी असेल तर हा वेळ आणखी घटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. सशक्त बाई जेवढा रक्तस्राव सोसेल, तेवढा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेली बाई सोसू शकत नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचंही प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल आजार असलेल्या बाईचं गरोदरपण जोखमीचं धरून तिच्यावर सुरुवातीपासूनच लक्ष ठेवावं लागतं.

‘तीन विलंब’ म्हणजे काय?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये एक साधी मांडणी केली. बाई दगावते तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एका किंवा अधिक ठिकाणी उशीर झालेला असतो. आज जगभरात माता मृत्यूची चौकशी याच चौकटीत होते.

पहिला विलंब: जायचं ठरवण्यात

‘लोक अंधश्रद्धाळू आहेत, म्हणून दवाखान्यात येत नाहीत’ हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. मेळघाटात कोरकू कुटुंब आधी भूमकाकडे जातं हे खरं. पण भूमका गावात असतो, कोरकू बोलतो, रात्री उठवला तरी येतो आणि ओरडत नाही. दवाखान्यात यातलं काय काय मिळतं?

भाषेचा अडसर तर मोठाच आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, माडिया ही द्रविड कुळातली भाषा. मराठीशी त्यांचं नातं नाही. ‘डोकं दुखतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ ही वाढलेल्या रक्तदाबाची धोक्याची खूण आहे. पण ती सांगणारी आणि ऐकणारी एका भाषेत बोलत नसतील, तर ती खूण तिथेच विरते.

शिवाय घरातली गणितं असतात. बाई दवाखान्यात गेली तर मोठ्या मुलांना कोण बघणार? सोबत गेलेल्या नवऱ्याची मजुरी बुडणार. उपचार मोफत असले, तरी सोबतच्यांचं खाणं-पिणं आणि येण्या-जाण्याचा खर्च असतोच. आधी कधी दवाखान्यात अपमान झाला असेल, तर ती आठवण अख्ख्या पाड्याला असते.

दुसरा विलंब: पोहोचण्यात

नियमानुसार सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी आणि डोंगराळ भागात ते २० हजारांमागे, तर उपकेंद्र ३ हजारांमागे असावं. निकष शिथिल आहे खरा, पण तो माणसं मोजतो, वाट मोजत नाही. डोंगरात विखुरलेल्या पाड्यांमध्ये तीन हजार माणसं फार मोठ्या परिसरात राहतात.

काही उदाहरणं पाहा. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा ते जिल्ह्याचं ठिकाण हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. त्यामुळे तिथले अनेक लोक गोदावरीपलीकडे तेलंगणात उपचाराला जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. धारणीहून अमरावतीला जायचं तर घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या काही गावांना रस्त्यापेक्षा पाणीच जवळचं, म्हणून तिथे बोटीतून आरोग्यसेवा द्यावी लागते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिने खूप जीव वाचवले. पण फोन लावायला नेटवर्क लागतं आणि गाडी यायला रस्ता. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर आजही अनेक ठिकाणी झोळीनेच कापावं लागतं.

तिसरा विलंब: पोहोचल्यावर उपचार मिळण्यात

हा विलंब व्हिडिओत दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी होते. बाई ग्रामीण रुग्णालयात पोहोचते, पण स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो. तो असला तर भूलतज्ज्ञ नसतो. दोघं असले तर रक्त नसतं. मग ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी मिळते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा एकेका पायरीवर तास जात राहतो.

केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार मार्च २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत सुमारे ७४ टक्के स्त्रीरोगतज्ज्ञ कमी होते. सिझेरियनसाठी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, परिचारिका, रक्त आणि वीज हे सगळं एकाच वेळी हजर असावं लागतं. यातलं एक जरी नसलं, तरी इमारत असून उपयोग नाही.

घरोघरी जाऊन पाहिलं तेव्हा काय दिसलं?

दवाखान्याच्या नोंदी फक्त दवाखान्यात आलेल्या बायकांबद्दल सांगतात. न आलेल्यांचं काय होतं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांत गरोदर आणि बाळंत बायकांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. ७७२ बायकांचा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात निम्म्याहून अधिक बायकांना प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर काही ना काही त्रास झालेला आढळला. सुमारे १५ टक्के जणींना तातडीच्या रुग्णालयीन उपचारांची गरज होती. सर्वात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की प्रसूतीच्या वेळी त्रास झालेल्या सुमारे १८ टक्के होत्या, तर प्रसूतीनंतर त्रास झालेल्या सुमारे ४३ टक्के.

या १५ टक्क्यांचं गणित करून पाहू. २० हजार लोकसंख्येच्या आदिवासी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला साधारण साडेतीनशे बाळंतपणं धरली, तर त्यातल्या पन्नासेक जणींना तातडीची मदत लागू शकते. म्हणजे दर आठवड्याला एक. ही ‘दुर्मीळ दुर्घटना’ नाही. कोणाला लागेल ते आधी सांगता येत नाही, पण कोणाला तरी लागणार हे ठाऊक असतं. म्हणून व्यवस्था कायम सज्ज असावी लागते.

दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणजे झालं का?

पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ८९ टक्के आणि महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यापासूनचा हा मोठा बदल आहे.

पण ‘दवाखाना’ या एका शब्दात मोठं जिल्हा रुग्णालय येतं आणि एकच परिचारिका सांभाळत असलेलं उपकेंद्रही येतं. रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. ज्या केंद्रात वीज तासन् तास जाते, तिथे ते दिलं तरी लागू पडेलच असं नाही.

आणि प्रसूतीनंतर काही तासांतच घरी परतण्याची घाई झाली, तर सर्वात धोक्याचा काळ दवाखान्याबाहेर जातो. ही घाई बाईची असते तशी खाटा कमी असलेल्या दवाखान्याचीही असते. म्हणूनच सामान्य प्रसूतीनंतर किमान ४८ तास दवाखान्यात थांबायला सांगितलं जातं.

गावच हललं तर?

विषमता फक्त जंगल-डोंगरातली नाही. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि कामावर गेलं नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात.

अशा बाईची गरोदरपणाची नोंद गावातल्या आशाताईंकडे असते आणि बाई असते दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या फडात. तिथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नसतं. तपासण्या चुकतात, गोळ्या संपतात, मोळ्या उचलणं थांबत नाही.

या व्यवस्थेची एक टोकाची बाजू २०१९ मध्ये समोर आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. साध्या स्त्रीरोगांवर वेळेत उपचार मिळत नाहीत, खाडा परवडत नाही आणि मग थेट गर्भाशयच काढलं जातं.

एकीकडे सिझेरियन मिळत नाही, दुसरीकडे टळत नाही

त्याच सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता मृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केलं होतं. म्हणजे डॉक्टर, भूल आणि शस्त्रक्रियागृहं जिथे पैसे देणारे आहेत तिथे गरजेपेक्षा जास्त वापरली जातात आणि जिथे जीव वाचेल तिथे पोहोचत नाहीत.

हे फक्त भारतातलं किंवा फक्त गरिबीचंही नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचं प्रमाण ५०.३, तर श्वेतवर्णीय मातांचं १४.५ होतं. रुग्णालय जवळ असूनही बाईचं म्हणणं ऐकून घेतलं जातं का, हा प्रश्न तिथेही आहे.

काय केलं तर फरक पडतो?

प्रसूतीआधीच जवळ आणून ठेवणं. राज्यातल्या आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ योजना आहे. दिवस भरत आलेली बाई घरच्यांपैकी कुणाला आणि लहान मुलाला घेऊन तिथे येऊन राहते. कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडण्याची वेळच येत नाही. पण तिथे जेवण, स्वच्छता आणि आपल्या भाषेत बोलणारं माणूस असलं, तरच ती राहते.

हाताशी असलेल्या डॉक्टरांना तयार करणं. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचं आणि तातडीच्या प्रसूतीसेवेचं प्रशिक्षण देण्याची व्यवस्था देशात आहे. तज्ज्ञ मिळेपर्यंत ग्रामीण रुग्णालय चालू ठेवण्याचा हा मार्ग आहे. मात्र प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरची बदली जिथे सिझेरियनच होत नाही अशा ठिकाणी झाली, तर सगळं वाया जातं.

रक्तस्राव डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मोजून ओळखणं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्त गोळा करून मोजलं गेलं. ठरावीक प्रमाण ओलांडताच सगळे प्राथमिक उपचार एकत्र सुरू केले. गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. यासाठी मोठं यंत्र लागलं नाही.

घरी जाऊन पाहणं. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातल्या आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांत ज्या सहा-सात भेटी देतात, त्यामागे हा प्रयोग आहे. बाळासाठीच्या या भेटीत आईचा ताप, रक्तस्राव आणि रक्तदाबही तितक्याच काळजीने पाहिला गेला पाहिजे.

प्रत्येक मृत्यूची चौकशी. दोष कुणाचा यापेक्षा उशीर कुठे झाला, हे शोधणारी. केरळ आणि तमिळनाडूने यावर सातत्याने काम केलं आहे. लहान तालुक्यात प्रमाण काढता येत नसलं, तरी प्रत्येक मृत्यूची तासागणिक हकीकत काढता येते आणि दुरुस्ती कुठे करायची ते तिच्यातूनच कळतं.

तुमच्या हक्काचं काय आहे?

• जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११ पासून): सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, तपासण्या, औषधं आणि रक्त मोफत. सामान्य प्रसूतीत ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात, गरज पडल्यास पुढच्या रुग्णालयात आणि परत घरी सोडायला वाहन मोफत.
• जननी सुरक्षा योजना: महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील महिलांना दवाखान्यातल्या प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये.
• प्रधानमंत्री मातृ वंदना योजना: पात्र महिलांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, दुसरं अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये.
• प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासणी.
• अमृत आहार योजना: राज्यातल्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण.
• सोबतीण: सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एका महिला नातेवाइकाला सोबत थांबू देण्याची केंद्राची सूचना २०१६ पासून आहे.

कामासाठी गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. त्यावरच्या नोंदी पाहून दुसऱ्या जिल्ह्यातही तपासणी आणि लसीकरण पुढे चालू ठेवता येतं.

यातलं काहीही दिसलं तर थांबू नका

• गरोदरपणात कधीही अंगावरून रक्त जाणं
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज
• झटके किंवा बेशुद्धी
• ताप, पोटात तीव्र दुखणं
• बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
• कळा नसताना पाणी जाणं
• १२ तासांहून अधिक काळ कळा
• प्रसूतीनंतर भराभर कपडे भिजणं, वार न पडणं, चक्कर, दुर्गंधीयुक्त स्राव

अशा वेळी १०८ किंवा १०२ वर फोन करा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आहे.

आठवा महिना लागला की चार गोष्टी घरात ठरवून ठेवाव्यात: कोणत्या दवाखान्यात जायचं, कोणत्या गाडीने, सोबत कोण आणि रक्त लागलं तर कोण देणार. पहिल्या विलंबातला बराचसा वेळ या चार उत्तरांनी वाचतो.

एक प्रश्न तुम्हीही विचारू शकता

‘आपल्या तालुक्यात आज रात्री दोन वाजता सिझेरियन कुठे होईल आणि तिथे रक्त मिळेल का?’

ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, लोकप्रतिनिधीच्या जनता दरबारात हा प्रश्न विचारा. उत्तर म्हणून रुग्णालयाचं नाव मिळालं, तर पुढचा प्रश्न विचारा: शेवटच्या पाड्यावरून तिथे पोहोचायला पावसाळ्यात किती तास लागतात? ते उत्तर दोन तासांपेक्षा जास्त असेल, तर रक्तस्राव थांबवण्याचं औषध आणि ते देऊ शकणारं माणूस त्याच्या अलीकडे कुठे आहे, हेही विचारा. राज्याच्या सरासरीत ही उत्तरं सापडत नाहीत. ती तालुक्यालाच द्यावी लागतात.